नागपूरहून समुद्रगावं: पाठीवर सॅक टाकून पहिल्यांदा कोकणात जाणाऱ्यांसाठी

नागपुरात वाढलेल्या माणसाला ऊन शिकवावं लागत नाही. मेच्या भर दुपारी दुपट्टा डोक्याला गुंडाळून बर्डीवर जाऊन येणारे आपण. त्यामुळे कोकणात तेव्हा तेहतीस-चौतीस अंश असतात असं ऐकलं की वाटतं, म्हणजे थंडच की! मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या खेपेला मी आणि माझी मैत्रीण रत्नागिरी स्टेशनवर उतरलो आणि अर्ध्या तासात दोघींचे कपडे अंगाला चिकटले. घाम येत होता, पण वाळत नव्हता. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि अंग निवतं; कोकणात हवेतच एवढं पाणी असतं की घामाला जायला जागा नसते. दुपारी एकपर्यंत आम्ही दोघी एका देवळाच्या ओसरीवर आडव्या झालो होतो, आणि सॅकमध्ये चौदा किलो सामान होतं.

त्यानंतर मी तीनदा गेले. विदर्भातल्या माणसाला तिथे दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, दमट उकाडा आणि समुद्र. गाडी, खोली, जेवण हे सगळं विचारत-विचारत जमतं. पुढे सांगितलंय ते रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी या पट्ट्यासाठी, एसटीने आणि पायी, नऊ-दहा दिवसांत.

पहिलं काम: तारीख

इथेच आपल्याकडचे लोक सर्वात जास्त चुकतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी सुरू होतात. म्हणून बरीच कुटुंबं आणि कॉलेजची पोरं जूनचा पहिला आठवडा ठरवतात. तोवर कोकणात पाऊस टेकलेला असतो. २०२५ साली तर २५ मेलाच मान्सून देवगडपर्यंत येऊन पोचला होता. पाऊस येण्याआधीच समुद्र खवळायला लागतो, मेच्या अखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे होडी नाही, ताजी मासळी कमी आणि किनारा धोक्याचा.

परीक्षा संपल्या की २० एप्रिल ते १५ मे ही खिडकी धरा. आंबा असतो, काजू-करवंदं-जांभळं असतात, फणस पिकायला लागतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात, त्यामुळे गर्दी होते. शक्य असेल तर एप्रिलचा शेवट घ्या.

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवा आणि तिथी बघा. तिथी कशाला, ते समुद्राच्या भागात येईलच. सध्या एवढंच, की अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं.

दुसरं: रेल्वेचं तिकीट

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. एप्रिलच्या शेवटी जायचं तर फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी आठला, तयार बसा. आणि क्रम उलटा ठेवा: आधी कोकण रेल्वेचं तिकीट, मग नागपूर-मुंबईचं. मुंबईला जायला विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो आणि हावड्याकडून येणाऱ्या गाड्या आहेत, शिवाय समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या खासगी बसगाड्या. कोकणात उतरणाऱ्या गाड्या मात्र मेमध्ये मिनिटांत भरतात.

नागपूर-मडगाव ही आठवड्यातून दोन दिवस धावणारी विशेष गाडी आपल्यासाठी सर्वात सोयीची आहे. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल करत ती थेट रत्नागिरी, कणकवली, कुडाळ गाठते. गाडी कुठेही बदलायची नाही. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. तुमच्या तारखेला ती आहे का, हे आधी बघा.

ती नसेल तर मुंबईमार्गे. रात्रभराचा प्रवास करून सकाळी मुंबईला उतरायचं आणि त्याच सकाळची कोकणची गाडी पकडायची, असा बेत करू नका. आमची गाडी पाच तास उशिरा पोचली होती आणि पुढचं तिकीट वाया गेलं. दिवस मुंबईत काढा आणि रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी धरा. सकाळी डोळे उघडतात तेव्हा खिडकीबाहेर लाल माती आणि काजूची झाडं असतात. दिवसाचा प्रवास हवा असेल तर मुंबईत एक मुक्काम करून सकाळची मांडवी घ्या. डोंगर, बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल दिवसाउजेडी बघण्यासारखे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. हा रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा लोहमार्ग १९९८ साली पूर्ण झाला. त्याआधी नागपूरहून या गावांना जायचं म्हणजे एक मोहीमच असायची.

तिसरी वाट कोल्हापूरची. महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर, तिथून एसटीने घाट उतरायचा: आंबा घाटाने रत्नागिरी, फोंडा घाटाने कणकवली. वेळ खूप जातो, पण आरक्षण कुठेच मिळत नसेल तेव्हा हीच वाट कामाला येते.

तिसरं: सॅक भरणं

पस्तीस ते चाळीस लिटरची सॅक, भरून सात-आठ किलोच्या वर नाही. जाण्याच्या दोन आठवडे आधी ती भरा आणि पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा फुटाळ्याभोवती एक तास चाला. खांदे दुखले तर सामान काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाला. माझ्या सॅकमधून अशी एक जीन्स, एक जाड टॉवेल आणि दोन पुस्तकं बाहेर पडली.

कपड्यांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. नागपुरात मेमध्ये धुतलेला शर्ट अर्ध्या तासात कडक वाळतो. कोकणात रात्री दोरीवर टाकलेला सुती शर्ट सकाळीही दमट असतो. म्हणून पातळ, लवकर वाळणारे तीन जोड, पंचा किंवा पातळ टॉवेल, आणि कपडे वाळत घालायला चार मीटर नायलॉनची दोरी. आतले कपडे दोन जोड जास्त घ्या. मांड्या आणि काखा घासून सोलवटल्या तर चालणंच बंद होतं. त्यासाठी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आणि साधी पावडर हवीच.

आपला दुपट्टा न्याच. वाळूवरून आणि पाण्यावरून परतणारं ऊन खालून चेहऱ्यावर येतं, नुसती टोपी त्याला पुरत नाही. पायात पट्ट्याच्या सँडल घ्या. किल्ल्यांच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या खडबडीत असतात आणि ओल्या झाल्या की शेवाळाने निसरड्या. टॉर्च, दोन लिटरची पाण्याची सोय, ओआरएसची आठ-दहा पाकिटं, मोबाइलसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, आधार कार्ड आणि रोख पैसे. एटीएम तालुक्याच्या गावात मिळतं, वाडीवस्तीत नाही, आणि नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

चौथं: एसटीचा हिशेब

कोकणात एसटी समजून घेतली की अर्धी सहल स्वस्त होते. महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास एकदाच काढायचा आणि कुठल्याही गाडीत, त्या पासात बसणाऱ्या वर्गापर्यंत, हवं तितकं फिरायचं. रोज गाव बदलणार असाल तर पास परवडतो. दोन-तीन ठिकाणीच तळ ठोकणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. बायकांना २०२३ च्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा दोघींना पासाची गरजच पडली नाही.

दोन शब्द पाठ करा. 'वस्तीची गाडी' म्हणजे संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी गाडी. छोट्या गावातून बाहेर पडायला तीच सर्वात भरवशाची. दुसरा शब्द 'तिठा', म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. कोकणात पत्ता सांगताना तिठा हमखास येतो. गाड्यांच्या वेळा मोबाइलवर शोधत बसू नका. स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचारा, आणि कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारूनच उतरा. ती चुकली तर रिक्षाला मोजावे लागणारे पैसे अख्ख्या दिवसाच्या खर्चाएवढे होतात.

पाचवं: वाट

रत्नागिरी, दोन रात्री. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर दूर आहे, बाहेर एसटी आणि रिक्षा मिळतात. पहिला दिवस हवेची सवय होण्यासाठी ठेवा. संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर नुसतं बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान बघा. ते १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. उतरतं कौलारू छप्पर, जाड भिंती, ओसरी: पावसाच्या मुलखातलं घर कसं असतं ते इथे नीट कळतं. मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाड्यामागच्या उतारावरून खाडी दिसते. आपला देश समुद्रापलीकडे आणि आपण रोज पाणी बघत बसलेले, हा विचार माझ्या मनातून तिथे असेपर्यंत जाईना. संध्याकाळी रत्नदुर्ग किल्ला. गणपतीपुळ्याला जायचं तर आरे-वारेच्या किनाऱ्यावरून जाणारी गाडी पकडा, अंतर साधारण पंचवीस किलोमीटर.

देवगड, दोन रात्री. समुद्राकाठच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थोड्या असतात. नवख्याने रत्नागिरीहून रेल्वेने कणकवलीला यावं आणि तिथून एसटीने देवगड. देवगडहून एक दिवस विजयदुर्गाला द्या. हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात आहे. तटावर चढलं की वाघोटन खाडीचं मुख दिसतं आणि मराठ्यांच्या आरमाराने हीच जागा का निवडली, हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या एकत्र नोंदीत. दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर: देऊळ अगदी लाटांच्या काठाशी.

मालवण, तीन रात्री. वाटेतला हा सर्वात मोठा मुक्काम, आणि तो कमी करू नका. सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर घातला. मालवणच्या जेट्टीवरून होडीने जायला फार वेळ लागत नाही. सकाळची पहिली होडी पकडा, कारण नऊनंतर जांभा तापायला लागतो आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात अनवाणी जायचं असतं. होडीवाले परतीला साधारण तासाभराची वेळ देतात. तेवढ्यात सगळा तट चालून होत नाही. आधीच बोलून, पुढच्या होडीने परत येण्याचं ठरवा. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारही बाजूंना खारट समुद्र आणि मध्ये पिण्याचं पाणी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे तटातल्या दोन लहान घुमट्यांत आहेत, विचारूनच सापडतात. गोमुखी रचनेच्या महाद्वारासमोर आलो तरी दार दिसत नाही, आम्ही दोघी तिथे थांबून हसत होतो.

मालवणात किल्ला झाला म्हणजे गाव झालं, असं समजू नका. सकाळी बाजारपेठेतून चाला. कौलारू दुकानं, सुक्या मासळीच्या पाट्या, मसाल्याच्या गिरणीचा वास, गुळात घोळलेला मालवणी खाजा. घरांमधल्या अरुंद पाणंदीतून, जांभ्याच्या गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून चालत गेलं की एकदम चिवल्याचा किनारा समोर येतो. संध्याकाळी बोटी परतल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. बाजूला उभं राहून बघा, वाटेत येऊ नका. एक दिवस तारकर्ली-देवबागला. मालवणपासून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. पुढे देवबागला जमिनीची चिंचोळी पट्टी, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी.

वेंगुर्ला, एक रात्र. मालवणहून कुडाळला गाडी बदलली की सोपं पडतं, आणि तेवढ्यात कुडाळजवळच्या पिंगुळीला उतरून ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा, आणि कळसूत्री बाहुल्या बघता येतात. वेंगुर्ला हे जुनं बंदर. डचांची सतराव्या शतकातली वखार आता पडीक आहे, पण तिच्या भिंतींची जाडी बघूनच व्यापार केवढा असेल ते समजतं. जवळच शिरोडा, तिथल्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला.

सावंतवाडी, शेवटची रात्र. मोती तलावाकाठी वारा असतो, आणि चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात. घरी न्यायला यापेक्षा चांगली वस्तू मला सापडलेली नाही. स्टेशन इथेही गावाबाहेर आहे, हे लक्षात ठेवून निघा.

सहावं: दिवसाची घडी

पहाटे साडेपाचला बाहेर पडा, दहाला परत या. दहा ते साडेचार सावलीत: जेवण, झोप, कपडे धुणं, घरमालकिणीशी गप्पा. साडेचारला पुन्हा बाहेर. ही घडी मोडून 'अजून एक किल्ला करू' म्हणालात की दुसरा अख्खा दिवस झोपून जातो.

पाणी तहान लागायच्या आधी प्या. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं मिळालं तर तीच न्याहारी करा. शेतात राबणारी माणसं ती काही उगाच पीत नाहीत. दुपारी कोकम सरबत मीठ घालून, शहाळं, नाहीतर ओआरएस. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले तर त्याच जागी सावलीला बसा, अंग ओल्या पंचाने पुसा आणि वारा घ्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर १०८ ला फोन लावा.

सातवं: समुद्र

हा भाग मी हात जोडून वाचायला सांगते.

माझा चुलतभाऊ उत्तम पोहतो. अंबाझरीजवळच्या तलावात शिकला, शाळेत बक्षिसं मिळवली. तिसऱ्या खेपेला तो बरोबर होता. कंबरभर पाण्यात उभा होता, लाट परतली, पायाखालची वाळू सरकली आणि पुढच्या दोन मिनिटांत तो आमच्यापासून तीस-चाळीस हात लांब गेला. तो किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत होता आणि जागेवरच होता. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका ओरडले, "आडवो ये, आडवो!" तो आडवा पोहला, किनाऱ्याला समांतर, आणि थोड्या अंतरावर लाटांनीच त्याला आत आणून टाकलं. काकांनी त्याला पाणी दिलं आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

झालं ते असं. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते कुठून तरी परत जावं लागतं. मग ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने मागे ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस नेमकी तीच शांत जागा डुंबायला निवडतो. तलावात शिकलेल्या पोहण्याने त्या ओढीशी झुंजता येत नाही, भले भले दमतात. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, ओरडा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर या. दुसरा कुणी सापडला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका आणि गावकऱ्यांना हाका मारा. ११२ वर फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

आता तिथीचं सांगते. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दररोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. मोबाइलवर त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी असतो. पहिल्यांदा पाण्यात उतरायचं तर भांगाचे दिवस बरे.

माझे नियम असे. गुडघ्याच्या वर पाणी नाही, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तर नाहीच. ओहोटी लागल्यावर आत जायचं नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाय ओले करण्यापलीकडे काही नाही; देवबागच्या संगमावर ओहोटीचं पाणी नदीच्या पुरासारखं बाहेर जातं. खडकावर बसायचं तर भरतीची वेळ बघून, नाहीतर परतीची वाट पाण्याखाली जाते. अंधार पडल्यावर नाही, दारू पिऊन नाही, आणि होडीत चढताना लाइफ जॅकेट अंगात आणि बक्कल लावलेलं. होडीवाला 'काही होत नाही' म्हणाला तरी जॅकेट मागा, नसेल तर त्या होडीत बसू नका. किनाऱ्यावर उतरलं की पहिल्यांदा गावातल्या माणसाला विचारा, इथे पोहतात का. तो नाही म्हणाला तर तो विषय संपला.

आठवं: खोली आणि ताट

आपल्याला कूलरची सवय. कोकणात कूलरचा उपयोग नाही, कारण तो कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा देतो आणि इथली हवा आधीच ओली. खोली बघताना दोन समोरासमोर खिडक्या आणि फिरणारा पंखा बघा. वरच्या मजल्यावरची पत्र्याखालची खोली घेऊ नका. माडांच्या सावलीतली, कौलांची, तळमजल्याची बरी. घरगुती निवास हॉटेलपेक्षा मला नेहमी आवडले. गावात शिरल्यावर खानावळीत विचारलं की कुणीतरी दार दाखवतंच. "खंयसून इलात?" हा प्रश्न मालवणात हमखास येतो, म्हणजे कुठून आलात. नागपूर म्हटलं की पुढचा प्रश्न संत्र्यांचा असतो. आम्ही दोघींनी जेवण, खोली आणि एसटी मिळून माणशी दिवसाला १,२०० ते १,५०० रुपयांत भागवलं, होड्यांचे पैसे वेगळे. मेच्या गर्दीत मालवण आणि तारकर्लीची खोली आधी फोन करून ठरवा, बाकी ठिकाणी पोचून शोधली तरी चालते.

पाणी जपून वापरा. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्यातून आणि उतारावरून निघून जातो, आणि मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. दिवसातून तीनदा अंघोळ करावीशी वाटेल. एक बादली पुरते.

सावजी खाणाऱ्याला मालवणी जेवण तिखट वाटणार नाही. तिखटापेक्षा ओल्या खोबऱ्याचा, कोकमाचा आणि तिरफळाचा तो वेगळाच मामला आहे. बांगडा, तारली, मोरी ही रोजची मासळी, थाळी तिचीच मागा. सुरमई आणि पापलेटचा दर आधी विचारा. 'तिसऱ्या' किंवा कालवं, म्हणजे शिंपल्यातली मासळी, आयुष्यात खाल्ली नसतील तर पहिल्या दिवशी थोडीच खाऊन बघा, काहींना अंगावर पित्त उठतं. शाकाहारी माणसाची अडचण होते ही समजूत चुकीची आहे: काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ. फक्त सकाळीच सांगून ठेवावं लागतं. शेवटी सोलकढी, दोन वाट्या.

वाळूवर पसरलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. मासळी निवडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गडग्यावरून हात लांब करून आंबा तोडू नका. ते कुणाचं तरी वर्षाचं पीक असतं. मागितलात तर बहुतेक ठिकाणी हातात दोन ठेवतात.

शेवटचं: परतताना

परतीचं तिकीट सावंतवाडी किंवा कुडाळहून काढा, रत्नागिरीला मागे जाऊ नका. आंबे देवगडलाच ठरवलेत तरी उचला शेवटच्या दिवशी, सावंतवाडीत किंवा कुडाळात. दोन डझनांची लहान पेटी सॅकसोबत हातात धरता येते. फळ हिरवं आणि टणक बघून घ्या. पिवळं, मऊ फळ भुसावळच्या उन्हात डब्यातच सडायला लागतं, आम्ही सात आंबे अकोल्याला फेकले. पेटी बर्थखाली ठेवा, खिडकीच्या उन्हात नको. घरी आल्यावर कूलरच्या वाऱ्यापासून लांब, भाताच्या पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात एकेक फळ सुटं ठेवा आणि तिसऱ्या दिवसापासून रोज वास घेऊन बघा. देठाजवळ थोडी सुरकुती पडली की तो आंबा त्याच दिवशी कापा.